रजोनिवृत्तीचा थकवा : कालकृत आणि अकालकृत

आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारनंतर चिकित्सालयात येणारी एक स्त्री आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. वय पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान. ती रोगाचे नाव घेऊन येत नाही. "हातपाय गळून जातात, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, कुणी काही बोललं की रडू येतं," असे ती सांगते. पाळीविषयी विचारले, तर सोबत आलेल्या सुनेकडे पाहून आवाज खाली करते. बाहेर आणखी दहा रुग्ण बसलेले असतात. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, "या वयात असं व्हायचंच" असे म्हणून धीर देतो आणि हात सवयीने फळीकडे जातो. शतावरी कल्पाचा डबा, अशोकारिष्टाची बाटली, अश्वगंधेच्या गोळ्या, जोडीला प्रवाळ. महिनाभराचे औषध घेऊन ती परत जाते.

या चिकित्सेत कोणते द्रव्य चुकले, असा आमचा प्रश्न नाही. ही सर्व द्रव्ये योग्य ठिकाणी उपयुक्त आहेत आणि आम्ही स्वतः ती वापरतो. आमचे म्हणणे एवढेच की, या प्रसंगी एक प्रश्न विचारायचा राहून गेला. पाळी कशी गेली? ती काळाने गेली, की घालवली गेली? रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक उपचारांविषयी हल्ली पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु समोरच्या स्त्रीची रजोनिवृत्तीच मुळात नैसर्गिक आहे किंवा नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय 'नैसर्गिक उपचार' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तर हा प्रश्न विचारणे अधिकच अगत्याचे आहे.

शास्त्रकारांनी केलेला भेद

रजोनिवृत्ती या नावाचा स्वतंत्र व्याधी बृहत्त्रयीत वर्णिलेला नाही, हे आपण जाणतोच. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात रजःप्रवृत्तीचा काल साधारण बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आणि शरीर जरेने पक्व झाले की रजाचा क्षय होतो, एवढेच नोंदवले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही शरीराच्या परिपक्वतेची एक अवस्था आहे. आजच्या गणनेनुसार भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांतील सरासरी एक्कावन्नच्या आसपास आहे.

परंतु याच सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, व्याधींचे वर्गीकरण करताना आचार्यांनी एक मार्मिक भेद केला आहे. क्षुधा, तृष्णा, निद्रा, जरा, मृत्यू हे स्वभावबलप्रवृत्त भाव होत. त्यांचेही दोन प्रकार त्यांनी मानले. शरीराचे योग्य रक्षण केले असता जे आपल्या वेळी येतात ते कालकृत आणि रक्षण न झाल्यामुळे जे अवेळी येतात ते अकालकृत. आमच्या मते रजोनिवृत्तीच्या संपूर्ण चिकित्सेची किल्ली या भेदात आहे. कालकृत रजोनिवृत्ती असलेल्या स्त्रीला आधार द्यावा, आहार-विहार सुधारावा, त्रासदायक लक्षणांचे शमन करावे. अकालकृत रजोनिवृत्तीत मात्र जी हानी वीस वर्षांनी व्हावयाची ती आजच सुरू झालेली असते. तिचा वेगळा विचार करावा लागतो.

आधुनिक वैद्यकही हीच रेषा ओढते. चाळिशीपूर्वी अंडाशयांचे कार्य थांबणे आणि चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पाळी जाणे या दोन्ही गोष्टी ते स्वतंत्रपणे नोंदवते. या स्त्रियांत अस्थींची झीज आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, म्हणून त्यांना केवळ लक्षणांपुरते औषध देऊन सोडू नये, असा त्याचा आग्रह आहे.

कोयत्याच्या धारेवरची रजोनिवृत्ती

अकालकृत रजोनिवृत्ती आपल्याकडे कशी येते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर उत्तर भागात कारखानदारी बहरली. दसरा-दिवाळीनंतर त्या भागात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्याच वेळी पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा कोरडवाहू भागांतून आपलीच माणसे मुकादमाची उचल घेऊन तोडीला बाहेर पडतात. म्हणजे ऊसतोड मजूर स्त्री आपल्या जिल्ह्यातून जाते आणि आपल्या जिल्ह्यात येतेही.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस खाडा झाला, तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, रक्तस्राव वाढतो, आणि मग कुणीतरी सांगते, "पिशवी काढून टाका, कटकट जाईल. नाहीतर पुढे कॅन्सर होईल." शेजारच्या बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक. बीड आणि आपला जिल्हा यांच्यामधली सीमा नकाशावर आहे. पाथर्डी-जामखेडच्या फडकऱ्याच्या आयुष्यात ती नाही.

हा प्रश्न केवळ ऊसतोडीचाही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे त्यांचे मध्यक वय चौतीस होते. पाहणी एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्या स्त्रियांची असल्याने हे वय काहीसे कमी दिसणारच, हे मान्य करूनही चौतीस हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला, तो याच पार्श्वभूमीवर.

गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली गेली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. निसर्ग जे चार-पाच वर्षांत हळूहळू करतो, ते एका रात्रीत होते. म्हणून उष्णतेच्या लाटा, अनिद्रा, थकवा ही सर्व लक्षणे अधिक तीव्र असतात. अंडाशये राखली, तरी काही स्त्रियांत त्यांचे कार्य अपेक्षेपेक्षा आधी मंदावते, आणि पाळी आधीच बंद असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. अशी अडतीस वर्षांची स्त्री आपल्याकडे 'कंबर गेली, जीव नाही' म्हणून येते. तिला आपण वातव्याधीचे औषध देतो. तिच्या पोटावरच्या व्रणाकडे आपण पाहिलेले नसते.

येथे आपल्या व्यवसायाला एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. ग्रामीण भागात या स्त्रीला पहिला सल्ला देणारे कोण असतात? पुष्कळदा आपणच. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत अधिक रक्त जाणे यांवर आपल्या शास्त्रात श्वेतप्रदर आणि असृग्दर यांची सविस्तर चिकित्सा आहे. ती पुरती न करता "मोठ्या दवाखान्यात दाखवा, पिशवीचं ऑपरेशन करून घ्या" अशी चिठ्ठी आपल्यापैकी कुणी कधीच लिहिली नाही काय? शस्त्रक्रिया काही वेळा अपरिहार्य असते आणि तेव्हा ती अडवणे हा अपराध होय. परंतु अनावश्यक शस्त्रक्रियेच्या वाटेवरचा पहिला दिशादर्शक फलक आपल्या हाताने लागत असेल, तर नंतरच्या थकव्याला शतावरी देऊन आपले उत्तरदायित्व संपत नाही.

थकवा एकच नसतो

"थकवा" हा शब्द रुग्णेचा आहे. वैद्याने त्याचे भाषांतर करावयाचे असते. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात क्लमाचे जे लक्षण सांगितले आहे, ते येथे फार उपयोगी पडते. कष्ट न करता येणारा, इंद्रियांना आपले विषय नीट घेऊ न देणारा आणि विशेष म्हणजे श्वास न वाढवणारा जो शीण, तो क्लम. रजोनिवृत्तीच्या काळातील अनिद्रा, मनाची उदासी, लाटांनी वारंवार मोडलेली रात्र यांतून येणारा थकवा बहुधा असा असतो. स्त्री जिना चढते, पण चढावेसे वाटत नाही.

याउलट जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांसमोर अंधारी येते, नखे आणि पापण्यांची आतली बाजू फिकट दिसते, तेव्हा तो क्लम नव्हे. तेथे पांडूचा विचार प्रथम करावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त होत्या; मागील पाहणीतील ४८ टक्क्यांवरून हे प्रमाण वाढले. रजोनिवृत्तीपूर्वीच्या दोन-चार वर्षांत अनियमित आणि अधिक रक्तस्राव होतो, त्याने ही तूट आणखी खोल जाते. धाप, छातीतील जडपणा, पायांवर सूज ही लक्षणे असतील, तर हृदयाचाही विचार करावा लागतो. स्त्रियांचा हृदयविकार पुष्कळदा नुसत्या थकव्याच्या रूपाने येतो, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट थायरॉइडची. वजन वाढणे, थंडी सोसवत नाही असे वाटणे, मलावष्टंभ, केस गळणे, आळस ही लक्षणे रजोनिवृत्तीच्या लक्षणांत सहज मिसळून जातात. चौथी मधुमेहाची. म्हणून रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच तपासणी, साखर आणि रक्तदाब या चार गोष्टी आज तालुक्याच्या कोणत्याही गावात उपलब्ध आहेत, त्या पहिल्याच भेटीत कराव्यात असे आम्हांस वाटते. तपासणी लिहून दिल्याने वैद्याचे वैद्यत्व उणे होत नाही. निदानाविना दिलेल्या रसायनाने मात्र ते उणे होते.

आमची एक चूक

उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब द्यावा, म्हणून एक प्रसंग येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी चोपन्न वर्षांची एक स्त्री आमच्याकडे थकव्यासाठी आली. पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. बोलता बोलता तिने सांगितले की, मधून थोडे लाल जाते. आम्ही पित्तप्रकोप समजून अशोक, लोध्र, नागकेशर यांची योजना केली. स्राव थांबला. आम्हांस समाधान वाटले. पुन्हा दिसला, पुन्हा औषध दिले, पुन्हा थांबला. अशा प्रकारे अडीच महिने गेले. नंतर सोनोग्राफी आणि पुढील तपासणी झाली, तेव्हा गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णा सुखरूप आहे. हे तिचे दैव. आमची हुशारी नव्हे.

बारा महिने सलग पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्यानंतर एक थेंब रक्त दिसले, तरी ती पाळी नव्हे आणि तो प्रदरही समजू नये. अशा सुमारे दहा स्त्रियांपैकी एकीला अंतःस्तराचा कर्करोग असतो आणि लवकर सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. आपली स्तंभक औषधे येथे गुणकारी ठरतात, हाच येथला धोका आहे. लक्षण थांबते आणि व्याधी वाढत राहतो.

नैसर्गिक म्हणजे काय?

निदान झाले, धोक्याची कारणे वगळली, आणि कालकृत रजोनिवृत्तीचाच त्रास आहे असे ठरले, की आपल्या शास्त्राचे खरे काम सुरू होते. मध्यम वयातील पित्ताकडून वार्धक्यातील वाताकडे होणारे हे संक्रमण आहे. म्हणून लाटा, दाह, चिडचिड यांत पित्ताचा आणि रूक्षता, अनिद्रा, संधिशूल, अस्थिक्षय यांत वाताचा संबंध दिसतो. अस्थी आणि वात यांचा आश्रयाश्रयी भाव लक्षात घेतला, तर रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने का होते, हे आपल्या परिभाषेतही समजावून देता येते.

पहिला उपाय ताटातला. आपल्या दक्षिण आणि पूर्व तालुक्यांचे अन्न म्हणजे बाजरी, हुलगा, मटकी, तीळ, मेथी. अकोल्याच्या डोंगरी पट्ट्यात नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शिअम असते. बाजरीत लोह अधिक असलेला 'धनशक्ती' हा वाण इक्रिसॅट आणि आपल्या राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तयार झाला. ही धान्ये मागे पडून गव्हाची पोळी, चहा आणि बिस्किटे आली. त्यातही घरातील स्त्री सर्वांच्या मागून, उरलेले जेवते. तिला "पौष्टिक खा" असे मोघम सांगू नये. भाकरीबरोबर रोज एक वाटी उसळ किंवा डाळ, जेवणात लिंबू, चहा जेवणापासून तासभर दूर, आणि वाटी तिच्या ताटात आधी वाढलेली. हे सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेलाही ऐकवावे.

दुसरा उपाय निद्रेचा. आहाराइतकाच निद्रेलाही शास्त्रकारांनी उपस्तंभाचा मान दिला आहे. सायंकाळनंतर चहा बंद, झोपण्यापूर्वी पादाभ्यंग, सुती कपडे, हवेशीर जागा. आणि पहाटे चारला उठण्याची सक्ती असेल, तर दुपारी थोडी विश्रांती. सुनेच्या समोर वैद्याने "यांना दुपारी अर्धा तास पडू द्या" असे सांगितले, तर ते औषधाइतके काम करते. तिसरा उपाय व्यायामाचा. शेतात राबणाऱ्या स्त्रीला व्यायाम कशाला, असे आपण म्हणतो. परंतु वाकून केलेले खुरपणे आणि स्नायू व अस्थी बळकट करणारी हालचाल यांत फरक आहे. शहरातील स्त्रीला तर चालणे आणि थोडे वजन उचलणे आवर्जून सांगावे.

औषधांविषयी बोलताना प्रामाणिकपणा हवा. अश्वगंधेच्या मूळसत्त्वावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत सुमारे शंभर स्त्रियांना आठ आठवडे औषध किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि अश्वगंधेच्या गटात लक्षणे अधिक कमी झाली. ही आशादायक सुरुवात आहे. परंतु शंभर स्त्रिया आणि आठ आठवडे एवढाच तिचा आवाका. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या लाटाही अशा चाचण्यांत लक्षणीय प्रमाणात कमी होतात, हे वारंवार दिसले आहे. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तीविषयक संस्थेने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेताना लाटांसाठी वनस्पतिज पूरकांची शिफारस केली नाही. विचार आणि वर्तन यांवर आधारित मानसोपचाराची मात्र केली. हे वाचून राग येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या रागाचे उत्तर म्हणून पुढे ठेवण्यास आपल्याकडे नोंदी आहेत काय?

हार्मोन चिकित्सेविषयीही आपण जुने भय पसरवू नये. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठी चाचणी स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार यांच्या वाढीव धोक्यामुळे मुदतीपूर्वी थांबवली गेली, तेव्हा जगभर या औषधांची भीती बसली. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होते. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, तीव्र त्रास असलेल्या आणि अन्य धोका नसलेल्या स्त्रीत लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो, असे आज तज्ज्ञ मानतात. ऐन तिशीत दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रीला तर, प्रतिबंधक कारण नसेल तेव्हा, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याची शिफारस आहे. अशा स्त्रीला "ती औषधे नको, आमचे नैसर्गिक घ्या" असे सांगणारा वैद्य तिच्या अस्थींशी खेळतो. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि आपली चिकित्सा जोडीने करावी. अस्थिक्षयात चरकाचार्यांनी सांगितलेल्या तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्तीला येथे स्थान आहे. तो हार्मोनचा पर्याय म्हणून नव्हे.

औषधविक्रेते बंधूंस

या विषयात दुकानाचा गल्ला चिकित्सालयाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण निम्मी औषधे वैद्याच्या चिठ्ठीविना तेथूनच जातात. म्हणून काही गोष्टी नम्रपणे मांडतो.

शतावरी कल्पात साखर मोठ्या प्रमाणात असते. गिऱ्हाईक स्त्रीला मधुमेह आहे का, हे विचारल्याशिवाय डबा देऊ नये. यष्टीमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशिअम घटते. अश्वगंधेमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आता अनेक देशांतून आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी अतिरेकी वाटली, तरी कावीळ, यकृतविकार किंवा थायरॉइडची गोळी चालू असलेल्या स्त्रीला ती वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी. लोह, मंडूर, प्रवाळ, शंख यांची औषधे थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतली, तर त्या गोळीचे शोषण कमी होते. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. ही एक सूचना पुडीवर लिहून दिली, तरी कितीतरी स्त्रियांचा थकवा कमी होईल. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला शतावरीसारखी द्रव्ये तिच्या तज्ज्ञाला विचारल्याविना देऊ नयेत.

अशोकाच्या सालीविषयी आपण सर्व जाणतोच. खऱ्या अशोकाच्या जागी शोभेच्या उंच अशोकाची साल बाजारात सर्रास येते. स्वस्त माल घेताना त्या बाटलीत काय आहे, हे आपणच विचारले पाहिजे. अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना बंधनकारक आहे. ती नसलेला माल परत करावा. आणि जाहिरातीविषयी : औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या तिसऱ्या कलमात स्त्रियांच्या मासिक पाळीतील दोष दूर करण्याचा दावा करणारी जाहिरातच निषिद्ध ठरवली आहे. 'पाळीच्या सर्व तक्रारींवर एकच औषध' असा फलक दुकानात लावणारा विक्रेता कायद्याच्या कचाट्यात तर सापडतोच. शिवाय ज्या स्त्रीला तपासणीची गरज आहे, तिला तो दारातूनच चुकीच्या वाटेला लावतो.

पुढे काय?

या जिल्ह्याला आयुर्वेदाची थोर परंपरा आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथेच आयुर्वेदाच्या शिक्षणाचा पाया घातला आणि औषधींच्या गुणधर्मांची चिकित्सक मांडणी केली. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गावातली बाई गावातल्या बाईला जे विचारू शकते, ते पुरुष वैद्य पाच मिनिटांत विचारू शकत नाही, हा त्या कामाचा धडा आपण घ्यावा. आपल्या गावच्या आशा सेविकेशी बोलावे. चिकित्सालयात स्त्री-सहायक असावी. सुनेला बाहेर बसवून रुग्णेशी दोन मिनिटे स्वतंत्र बोलावे.

आमची सभासदांस सूचना साधी आहे. पंचेचाळिशीच्या आसपासच्या, थकव्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीसाठी एक पानी नोंदपत्रक ठेवावे. शेवटची पाळी कधी; गर्भाशय काढले आहे का, कोणत्या वयात, कशासाठी; अंडाशये राखली आहेत का; पाळी गेल्यानंतर रक्त दिसले का; चालताना धाप लागते का; रात्री किती वेळा जाग येते; हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर, रक्तदाब; दिलेले औषध; आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती. शस्त्रक्रियेची कागदपत्रे रुग्णेला घेऊन येण्यास सांगावे. पुष्कळ जणींना आपल्या पोटातून नेमके काय काढले, हेच माहीत नसते. नावे वगळून ही पत्रके एकत्र केली, तर दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यातील अकालकृत रजोनिवृत्तीचे चित्र आपल्यासमोर उभे राहील, आणि आपल्या औषधांनी कोणाला गुण येतो व कोणाला येत नाही, हेही कळेल. परदेशातील आढाव्यावर रागावण्यापेक्षा हे उत्तर अधिक वजनदार ठरेल.

२०२४ पासून आपल्या जिल्ह्याने अहिल्यादेवींचे नाव धारण केले आहे. आपल्या सेवेचे मोल त्या नावाच्या जिल्ह्यातील स्त्री चाळिशीनंतर कशी जगते यावर ठरावे. पुढच्या आठवडे बाजारी ती पुन्हा येईल. "हातपाय गळतात" असे म्हणेल. त्या वेळी फळीकडे हात जाण्यापूर्वी तिला बसवावे, आणि विचारावे : बाई, पाळी कशी गेली?